बंद न झालेल्या दोनशे बारा खिडक्या

मंगळवारी दुपारी रान्वा बेटांच्या राजधानीत, तोर्सहाव्हनच्या बंदरावरल्या कचेरीत फेरीबोटींचं उन्हाळी वेळापत्रक संगणकावर चढवत बसली होती, तेव्हा हानुसचा फोन आला. हानुस म्हणजे उत्तरेकडल्या हेयगाविकच्या लोकरीच्या गिरणीचा मालक. त्याचा आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी शेजारच्या टेबलावर ऐकू जावा.

"रान्वा, तुझं ते यंत्र काही केल्या बंद व्हायला तयार नाही!"

"माझं कुठलं यंत्र?"

"अगं, नमुन्यांचा संगणक. प्रोग्रॅम तुझाच आहे ना त्यात? परवा बारा वाजता अख्ख्या गावाची वीज जाणार. तारा बदलतायत, संध्याकाळपर्यंत काही यायची नाही. म्हटलं, आधीच नीट बंद करून ठेवावा. तर 'बंद करा' म्हटलं की जरा विचार केल्यासारखं करतो आणि राहतो जिथल्या तिथे. चारदा करून पाहिलं. अगदी माझ्या सासऱ्यासारखा आहे. निघतो, निघतो म्हणतो आणि खुर्चीतून हलत नाही."

रान्वाला हसू आलं.

"मग आता सरळ प्लग उपटतो. तेवढंच विचारायला फोन केला. उपटू ना?"

'उपट की' असं ती म्हणणारच होती. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रोग्रॅमची एक ओळसुद्धा तिने त्यानंतर पाहिली नव्हती. यंत्रं दोनदा बदलली, प्रोग्रॅम मात्र हानुसने जुन्या घरातला पलंग नव्या घरात न्यावा तसा उचलून उचलून पुढे नेला होता. पण ओठांवर आलेला शब्द तिथेच थांबला. डोळ्यांपुढे एकदम दोन ओळी आल्या, तिने स्वतः लिहिलेल्या.

खिडकी बंद व्हायला निघाली, की जाण्याआधी ती प्रोग्रॅमला विचारते, जाऊ का? त्या क्षणी काय उत्तर द्यायचं ते लिहिणाऱ्याने आधीच लिहून ठेवायचं असतं. तेवीस वर्षांच्या रान्वाने लिहिलं होतं: जाऊ नकोस. नुसती लप.

"हानुस," ती म्हणाली, "प्लगला हात लावू नकोस. मी उद्या सकाळी येते."

"एवढ्यासाठी? अगं, मी काय अगदीच..."

"हात लावू नकोस म्हटलं ना."

*

बुधवारी सगळ्या बेटांवर धुकं उतरलं होतं. समुद्राखालच्या बोगद्यातून रान्वाची गाडी वर आली तरी आपण बाहेर आलो की नाही, हे तिला क्षणभर कळेना. पुढे रस्ता होता, म्हणजे गाडीपुढे दहा-बारा पावलं होता. पलीकडे काही नव्हतं. मध्येच एखादी मेंढी कोकराला पाठीशी घालून रस्त्याच्या कडेला उभी दिसे आणि पुसली जाई. डोंगर नव्हते, खाडी नव्हती, घरांची नुसती छपरं तरंगत होती. रान्वाला लहानपणापासून असल्या दिवसांची गुंगी येई. जागेपणी झोपल्यासारखं वाटे, आणि ते बरंही वाटे.

गाडी चालवता चालवता तिला ते जुने दिवस आठवत होते. कोपनहेगनला शिकायला जाण्याआधीचा तो एक उन्हाळा. तोवर गिरणीतले नमुने चौकटीच्या कागदावर शिसपेन्सिलीने काढले जात. एक चौकोन म्हणजे एक टाका. पांढरी लोकर असेल तिथे चौकोन रिकामा, काळी असेल तिथे भरलेला. ते कागद संगणकावर आणायचं काम तिला मिळालं. तेव्हाचं यंत्र इतकं मंद, की नमुन्याची नवी खिडकी उघडायला कॉफीचा कप निम्मा संपे. म्हणून तिने युक्ती केली. कोपऱ्यातल्या फुलीवर कुणी टिचकी मारली, तर खिडकी बंद करायची नाही, फक्त दिसेनाशी करायची. पुन्हा हवी झाली की झटकन पुढे आणता येईल. लपलेल्या खिडक्यांना परत बोलावण्यासाठी एक यादीही ती करणार होती. ती करायची राहून गेली. ऑगस्ट आला, बोट आली, आणि ती निघून गेली.

इतकी वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण हिवाळी वादळांत वीज जायची, यंत्र पट्‌दिशी मालवायचं आणि लपलेलं सगळं त्याच्याबरोबर जायचं. गेल्या ऑक्टोबरात मात्र हानुसने यंत्रासाठी बॅटरीचा मोठा संच आणून बसवला. तेव्हापासून ते एकदाही बंद पडलं नव्हतं. दिवसभर वीज गेली, तर मात्र ती बॅटरीही पुरणार नव्हती.

गिरणीत शिरताच ओल्या लोकरीचा आणि तेलाचा वास आला. पिंजायच्या यंत्राजवळून हानुस हात पुसत पुढे आला.

"आलीस? बघ, सकाळपासून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही मी. न जाणो, नजरेने बंद पडायचा."

नमुन्यांची खोली मागच्या बाजूला होती. तिथे खिडकीपाशी एल्स्पा बसली होती. वय बाहत्तर, पाठ ताठ, केस मागे घट्ट बांधलेले. चाळीस वर्षं गिरणीचे नमुने तीच काढत होती. तिने मान वळवून रान्वाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वाळलीस गं पोरी. राजधानीत खायला देत नाहीत का?"

"देतात गं. तू कशी आहेस?"

"मी? मी आहे." एल्स्पाने उजवा हात मांडीवरल्या शालीखाली सरकवला. "तो तुझा डबा बिघडला म्हणे."

"तिनेसुद्धा हल्ली काम बंद केलंय," हानुस दारातून म्हणाला. "ऑक्टोबरात दोन नमुने दिले, नोव्हेंबरात एक. त्यानंतर बाईसाहेब रोज येतात, रोज बसतात, आणि कागद कोरा. विचारलं तर म्हणते, सुचत नाही."

"तुला लोकर पिंजायला सुचावं लागत नाही ना, म्हणून तोंड चालतं," एल्स्पा म्हणाली. हानुस हसत निघून गेला.

रान्वा यंत्रापुढे बसली. पडद्यावर प्रोग्रॅमची एकच मोठी खिडकी होती, रिकामी. तिने 'बंद करा' म्हटलं. यंत्राने प्रत्येक उघड्या प्रोग्रॅमला निरोप धाडला असणार, आवरा, निघायचंय. बाकीच्यांनी आवरलंही. आणि मग कुठून तरी उत्तर आलं असणार, नाही. यंत्र मुकाट्याने थांबलं. बंद करायला माणूस सांगतोय की यंत्र, हे विचारायचं तेव्हा तिला सुचलंच नव्हतं. जो कुणी विचारेल त्याला एकच उत्तर.

आता अडचण अशी होती, की चालू प्रोग्रॅममध्ये हात घालून त्या दोन ओळी बदलता येत नव्हत्या. त्यासाठी तो आधी थांबवायला हवा, आणि थांबवला की लपलेलं सगळं जाणार. तिने आपला लॅपटॉप उघडला आणि तासाभरात दुसराच एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं काम एवढंच, की या यंत्रावर गिरणीच्या प्रोग्रॅमच्या किती खिडक्या आहेत, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, ते मोजायचं आणि सांगितल्यावर एकेकीला उजेडात आणायचं.

तिने तो चालवला. आकडा आला, दोनशे तेरा. त्यातली समोरची एक सोडली, तर दोनशे बारा.

"एल्स्पा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "इकडे ये ना जरा."

एल्स्पा खुर्चीमागे येऊन उभी राहिली. रान्वाने कळ दाबली. रिकाम्या पडद्यावर एक चौकट उमटली. वर लिहिलेलं होतं, 'नमुना १'. काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी, लाटांसारखी डावीकडून चढत गेलेली आणि मध्येच तुटलेली.

रान्वाने पुढची आणली. बाणांच्या टोकांसारखी ओळ. मग पुढची. धुक्यातून एकेक माणूस चालत यावं, जवळ आल्यावर ओळख पटावी, तसे ते नमुने येत होते.

"सगळे आहेत, एल्स्पा. तुझा एकही हरवला नाही."

"हे मी टाकून दिले होते," एल्स्पा म्हणाली.

"हो ना, पण माझ्या प्रोग्रॅमने ते..."

"टाकून दिले होते मी!" तिचा आवाज चढला. "फुली मारली होती. फुली म्हणजे काय? संपलं. शेकोटीत कागद घातला की तो राख होतो. दुसऱ्या दिवशी उठून दारात येऊन उभा राहतो का? तुला कुणी सांगितलं होतं सांभाळून ठेवायला?"

"मला वाटलं, कुणाचं काही हरवू नये."

"हरवणं वेगळं आणि टाकणं वेगळं, पोरी. बावीस वर्षं मला वाटतंय, मी टाकते ते जातं. आणि ते सगळं इथे मागे उभं. माझ्या पाठीमागे!"

तिने शाल ओढून घेतली आणि ती बाहेर पडली. दाराबाहेरच्या धुक्यात चार पावलांवर दिसेनाशी झाली.

*

रान्वा बसून राहिली. तिने पुढची कळ दाबायला नको होती, पण बोट दाबत गेलं. 'नमुना ३१'. 'नमुना ३२'. चाळिशीपर्यंतचे नमुने स्वच्छ होते, नुसते मनासारखे न झाल्यामुळे सोडलेले. साठाच्या पुढे काहीतरी बदललं. एक काळा टाका हवा तिथे दोन शेजारी शेजारी पडले होते. मग तेच पुढच्या ओळीत. ऐंशीच्या पुढे तर नमुना चार ओळींतच संपत होता. एकशे दहाव्यात एकच ओळ, तीही जोडीजोडीने डागाळलेली. तोच नमुना पुन्हा सुरू केलेला, पुन्हा त्याच जागी घसरलेला, पुन्हा फुली. सकाळी एकदा, दुपारी एकदा, सबंध हिवाळाभर.

शालीखाली सरकलेला हात तिला आठवला.

तिने पडदा मालवला. दुसऱ्याचं पत्र चुकून उघडावं, आणि पहिल्या ओळीनंतर ते आपलं नाही हे कळूनही आपण वाचत राहावं, तसं तिला वाटलं. ती उठून बाहेर गेली.

बोटी ठेवायच्या छपरापाशी, पालथ्या घातलेल्या होडीवर एल्स्पा बसली होती. खाडी दिसत नव्हती. पाणी दगडांना हळूच लागून मागे सरत होतं तेवढं ऐकू येत होतं. कुठेतरी आत समुद्री बदकं एकमेकांशी कुजबुजत होती. रान्वा जवळ जाऊन बसली. धुक्यात गप्प बसणं सोपं असतं, समोर पाहायला काही नसतं.

"किती पाहिलेस?" एल्स्पाने विचारलं.

"एकशे दहा. पाहायला नको होते. चुकलं माझं."

"म्हणजे कळलं तुला."

"हो."

एल्स्पाने हात शालीबाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला. बोटं थरथरत होती, फार नाही, वाऱ्यावर गवत हलावं इतपत.

"सुई धरताना होत नाही," ती म्हणाली. "हे बघायला हवं होतंस. बटाटे सोलताना होत नाही. त्या संगणकाच्या उंदरावर हात ठेवला, एका चौकोनावर थांबायचं म्हटलं, की होतं. एकदा दाबायला जाते, दोनदा दाबलं जातं. आधी वाटलं, थंडी आहे. मग वाटलं, उंदीर बिघडला. हानुसकडून नवा मागून घेतला. तो बिचारा लगेच घेऊन आला."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"म्हणजे त्याने एखादं नाव ठेवावं? माझ्या आईचा भाऊ होता, त्याला नाव ठेवलं होतं. मग सगळं गाव त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागलं. बहिरा नव्हता तो." ती थांबली. "मी रोज फुली मारायची आणि म्हणायची, आज कुणी पाहिलं नाही. उद्या बघू."

रान्वा म्हणाली, "उद्या बारा वाजता वीज जाईल. तुला हवं असेल तर मी आत्ता जाऊन प्लग उपटते. एकही खिडकी पुन्हा उघडणार नाही. हानुसला सांगते, यंत्र अडकलं होतं. खोटंही नाही ते."

एल्स्पाने पाण्याच्या आवाजाच्या दिशेने पाहिलं.

"पहिला जो होता," ती म्हणाली, "लाटांचा. तो का टाकला होता मी?"

"मला काय माहीत?"

"मलाही आठवत नाही. बरा होता." ती उठली आणि होडीवरून घसरणारी शाल तिने सावरली. "सकाळी आठला ये गिरणीत. आत्ता घरी चल. सुकवलेलं मटण आहे, रुबार्बच्या देठांचा मुरंबा आहे. तुझ्या अंगावर काही चढलं तर बघू."

संध्याकाळी एल्स्पाच्या स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून रान्वाने नवा प्रोग्रॅम लिहायला घेतला. खरं म्हणजे जुनाच, पण जाण्याच्या क्षणाचं उत्तर नवं. आता खिडकी 'जाऊ का?' म्हणाली, की आधी तिला उलट विचारायचं, तुला कोण जायला सांगतंय? माणसाने फुली मारली असेल, तर एकदाच विचारायचं, नक्की ना? आणि मग खरंच जाऊ द्यायचं. यंत्रच निजायला निघालं असेल, तर अडवायचं नाही. खिडकीत जे आहे ते मुकाट्याने जतन करायचं आणि वाट मोकळी करायची. आणि एखादी खिडकी लपवायचीच असेल, तर तिचं नाव यादीत दिसलं पाहिजे.

मे महिन्याचा तो दुधाळ उजेड काचेबाहेर तसाच थांबून राहिला होता. एल्स्पा समोर बसून मोजा विणत होती, आणि सुया खरंच एकदाही चुकत नव्हत्या. त्या टिकटिकीत रान्वाचा डोळा लागला. तिला दिसलं, की धुकं वर उचललं गेलंय आणि खाडीपलीकडच्या डोंगराला तळापासून माथ्यापर्यंत लहान लहान खिडक्या आहेत. प्रत्येकीमागे कुणीतरी बसलंय. हाक मारत नाहीत, हात हलवत नाहीत, नुसते बसलेत. ती एकेका खिडकीला विचारत जातेय, तुम्हाला कुणी बसवलं? आणि ते सगळे समजूतदारपणे तिच्याकडे बोट दाखवतायत. ती दचकून जागी झाली, तेव्हा अंगावर गोधडी होती आणि लॅपटॉप कुणीतरी जपून बाजूला ठेवला होता. उघडाच. मिटला तर काही जाईल, अशी एल्स्पाला भीती वाटली होती.

*

गुरुवारी आठ वाजता दोघी यंत्रापुढे बसल्या. खिडक्या बोलावायचं काम रान्वाचं, निवाडा एल्स्पाचा.

"ठेव," एल्स्पा पहिल्याला म्हणाली. लाटांचा नमुना रान्वाने जतन केला.

"नको. नको. हा तर मेंढीनेसुद्धा घातला नसता. नको. थांब... नको. ठेव."

पुढे पुढे ती नुसती मान हलवू लागली. रान्वा कळ दाबत होती आणि हिवाळ्याचे दिवस उलगडत होते. हा पहिल्या बर्फाचा, एल्स्पा मध्येच म्हणाली. हा केला तेव्हा खाली बंदरात बोटीला रंग देत होते. हा तिच्या बहिणीच्या वाढदिवसाचा, त्या दिवशी लवकर घरी गेली होती. साठाच्या पुढे आल्यावर तिने हात शालीबाहेर काढून टेबलावर ठेवला आणि तो थरथरू दिला. एकही नमुना तिने गाळू दिला नाही. चार ओळींचे, दोन ओळींचे, एका टाक्याचे, सगळे डोळे भरून पाहिले आणि प्रत्येकाला 'नको' म्हटलं.

'नमुना १६७' वर हानुस कॉफी घेऊन आत आला. त्यात दोन दोन काळे टाके सगळीकडे विखुरले होते. ठराविक ओळ नाही, कडा नाही, सगळं वाहवत गेल्यासारखं. हानुस कप हातात धरून उभाच राहिला.

"अरे! हे काय आहे? हे तर बाहेरचं धुकं आहे. एल्स्पा, हे विणलं ना, तर कोपनहेगनात उड्या पडतील."

"हा नमुना नाही," एल्स्पा म्हणाली.

"नाही कसा? दिसतोय की डोळ्यांना."

"ही चूक आहे. माझा हात थरथरतो, हानुस. नोव्हेंबरपासून. म्हणून नमुने आले नाहीत. सुचत नाही म्हणाले ते खोटं होतं."

हानुसचा तो मोठा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. त्याने कप टेबलावर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला.

"मग सांगायचं नाही का गं?" तो म्हणाला. "मी तुला सहा महिने टोमणे मारतोय."

"टोमणे चालतात. ते बंद करू नकोस. बंद केलेस तर समजेन, मी म्हातारी झाले."

"म्हातारी तर तू माझ्या शाळेच्या वयापासून आहेस," असंच काहीतरी बोलायला हानुसने तोंड उघडलं असावं, पण निघालं वेगळंच. "माझ्या बाप्तिस्म्याच्या फोटोत आहेस तू. तेव्हाही अशीच रागावलेली दिसतेस. पण हा नमुना मला हवाय."

"नको म्हटलं ना."

"पण सुंदर आहे!"

"असेल. माझा नाही. मी एक टाका घालायला गेले आणि दोन पडले, त्यावर माझं नाव लावून विकू नकोस. मला जे काढायचं होतं ते काढेन, नाही जमलं तर नाही काढणार. रान्वा, पुढचा."

रान्वाने हानुसकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. तिने पुढचा आणला.

साडेअकराला दोनशे बारावा येऊन गेला. अकरा ठेवले होते. उरलेले दोनशे एक पुन्हा मागे जाऊन उभे होते, कारण जुन्या प्रोग्रॅमला दुसरं काही येतच नव्हतं.

"हे एकेक करून जायचे नाहीत," रान्वा म्हणाली. "फुली मारली की पुन्हा लपतील. पण प्रोग्रॅमच मुळापासून थांबवला, तर सगळे एकदम जातील, कुणालाही न विचारता. मग ते कुठेही राहणार नाहीत. मलासुद्धा आणता यायचे नाहीत."

"खरंच?"

"खरंच. या वेळी खरंच."

"सरक मग."

रान्वा उठली, एल्स्पा खुर्चीत बसली. तिने हात उंदरावर ठेवला. बाण पडद्यावर थरथरत फिरला, बटणावरून घसरला, परत आला. रान्वाने मदतीला हात पुढे केला नाही. एल्स्पाने दाबलं. एकाच्या जागी दोनदा दाबलं गेलं, आणि काही बिघडलं नाही. रिकामी मोठी खिडकी मिटली. तिच्या मागे जे काही होतं तेही गेलं असणार. दिसलं मात्र काही नाही, आवाजही झाला नाही. पडद्यावर नुसता निळा रंग उरला.

एल्स्पाने उंदरावरचा हात उचलला.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"बरं वाटलं."

मग रान्वाने नवा प्रोग्रॅम बसवला, अकराच्या अकरा नमुने त्यात उघडतात ते पाहिलं आणि 'बंद करा' म्हटलं. यंत्राने सगळ्यांना निरोप धाडला, सगळ्यांनी आवरलं, आणि कित्येक महिन्यांनी ते शांतपणे विझलं. बाराला पाच मिनिटं होती. बारा वाजता पिंजायचं यंत्र थांबलं, दिवे गेले आणि हानुस पलीकडून ओरडला, "बघा, मी काही केलेलं नाही!"

*

वीज संध्याकाळपर्यंत येणार नव्हती, म्हणून गिरणीत कुणाला काम नव्हतं. एल्स्पा कोट घालून दारात उभी राहिली.

"क्लाक्सविकवरूनच जातेस ना?"

"हो."

"मग मला तिथल्या दवाखान्यापाशी सोड. आणि आत येऊ नकोस. माझं मी बोलेन."

रान्वा बाहेर गाडीतच बसली. पाऊण तासाने एल्स्पा आली आणि पट्टा लावता लावता म्हणाली, "नाव ठेवलं त्याने. पण मामाचं नाही, दुसरं. वयाचं कापरं म्हणतात. गोळी दिली आहे, थोडं कमी होईल म्हणे, पुरतं जाणार नाही. आणि मोठ्याने बोलला नाही तो. पोरगा बरा आहे."

जूनमध्ये रान्वा पुन्हा हेयगाविकला गेली. प्रोग्रॅममध्ये तिने आणखी एक गोष्ट घातली. एका टाक्यावर टिचकी पडली, की लगेच शेजारी पडणारी दुसरी टिचकी त्याने ऐकायचीच नाही.

"हे माझ्यासाठी केलंस?" एल्स्पाने संशयाने विचारलं.

"ज्याला हवं त्याच्यासाठी. नको असेल तर इथून बंद करता येतं."

"खरंच बंद होतं ना?"

"करून बघ."

एल्स्पाने ते बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. मग राहू दिलं. आता ती दिवसाला दीड तास काम करते, त्यापेक्षा जास्त नाही. लाटांचा नमुना तिने पुरा केला. जिथे तो तुटला होता तिथून लाट उतरत नाही, वरच चढत जाते आणि खांद्याशी पोचल्यावर अगदी बारीक होते. हानुसने पहिला स्वेटर तिलाच दिला. तिने तो घालून पाहिला, बाही उलटी करून आतले टाके तपासले, आणि कॉलरपाशी थोडा घट्ट आहे असं त्याला सुनावलं.